अंधारात राहिलेला चोर

डच चित्रकार रेम्ब्रां याने १६५३ साली ‘तीन क्रूस’ हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले. कालवरीवर भर दुपारी अंधार पडल्याचे संत लूक सांगतो. पहिल्या ठशांत मात्र वरून उजेडाचा लोट उतरतो आणि ख्रिस्ताभोवतीची गर्दी, गुडघे टेकलेला शतपती, सारे दिसू लागते. पुढे रेम्ब्रांने तोच पत्रा पुन्हा हाती घेतला. कित्येक आकृती खरवडून नाहीशा केल्या. एका जुन्या इटालियन पदकावरील उंच टोपीचा घोडेस्वार तेथे आणून उभा केला (तो का, हे आम्हांला कोडेच आहे). मग जाड रेषांचा असा मारा केला की आपल्या उजव्या हाताचा चोर काळोखात जवळजवळ बुडाला.

१६५६ मध्ये रेम्ब्रांचे दिवाळे निघाले. काहींना या काळोखात त्या विपत्तीची सावली दिसते. आम्हांला हे स्पष्टीकरण तोकडे वाटते. कर्जबाजारी माणसाने एकाच चोरावर एवढा अंधार का ओतावा?

तो चोर कोणता? परंपरेप्रमाणे पश्चात्तापी चोर ख्रिस्ताच्या उजवीकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे असतो. रेम्ब्रांने हा संकेत पाळला की नाही, याविषयी जाणकारांत एकमत नाही. तो दुसरा, निंदा करणारा असेल, तर त्याचा निकाल लागला असे म्हणावे काय?

हा प्रश्न चित्रापुरता राहत नाही. कुणी संस्कार न घेता गेला, कुणी स्वतःच्या हाताने जीवन संपविले, की आपल्या घरांतून त्याचे नाव हलक्या आवाजात घेतले जाते. ख्रिस्तसभेने असंख्य संत घोषित केले, पण अमुक एक माणूस नरकात आहे असे तिने कधीही जाहीर केलेले नाही. लूकही दुसऱ्या चोराविषयी निंदेपलीकडे काही सांगत नाही. उरलेले वाक्य आपणच पुरे करतो, आणि तेही किती घाईने!

रेम्ब्रांला तो चोर नको असता तर त्याने इतरांप्रमाणे त्यालाही खरवडून काढले असते. त्याने तसे केले नाही. त्याने त्याला नुसते झाकले. उत्तम ठशात निरखून पाहिले, तर त्या दाट रेषांखाली त्याचे शरीर अजून चाचपता येते, ख्रिस्तापासून हातभर अंतरावर.