उःशाप

माणसाचा पशू होतो, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिचे नवल वाटेनासे झाले आहे. राजाचा अजगर झाला म्हणून पुराणातला श्रोता दचकत नाही. सुटका कशी झाली एवढेच तो विचारतो. त्याच्या त्या विचारण्यात मला मोठा अर्थ दिसतो.

वनपर्वातला नहुष घ्या. इंद्रपदावर बसला, माजला, ऋषींना पालखीला जुंपले, आणि अगस्त्याच्या शापाने अजगर होऊन खाली पडला. पण उःशापही तिथेच मिळाला: युधिष्ठिर तुला सोडवील. पुढे या अजगराने भीमाला विळखा घातला खरा, परंतु युधिष्ठिर येताच त्याला प्रश्न विचारले. ब्राह्मण कोणाला म्हणावे? युधिष्ठिराने जन्म सांगितला नाही. सत्य, दान, क्षमा, दया सांगितली. अंगावर खवले आले तरी नहुषाची जिज्ञासा शाबूत होती. वर्गात ही कथा सांगताना एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग राजा होता तेव्हाच तो जनावर होता काय?" मी त्याला पुढच्या बाकावर आणून बसवले.

आदिपर्वातला किंदम ऋषी तर आपखुशीने हरिण झाला होता. पंडूचा बाण लागल्यावर, मृगया हा राजाचा धर्म आहे, हे तो मान्य करतो. जोडीदाराशी रत असलेल्या प्राण्याला मारलेस, हा त्याचा आरोप. म्हणजे दाद मागितली ती हरणाच्या वतीने.

हे झाले पुराण. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडच्या पाड्यांवर, डाकिणीची समजूत अजून पुरती गेलेली नाही. डाकीण रात्री मांजर होऊन हिंडते, असे सांगतात. पोर तापाने फणफणले, बैल मेला, की भगत नाव घेतो; आणि ते नाव पुष्कळदा अशा विधवेचे असते, जिच्या जमिनीच्या तुकड्यावर कुणाचा तरी डोळा असतो. डोंगरातल्या माणसांना हसण्याचे कारण नाही. 1589 साली जर्मनीत बेडबुर्गला पेटर श्टुम्प नावाच्या माणसाला, तो लांडगा होतो म्हणून, हाल करून मारले.

नहुषाच्या पदरी निदान अपराध होता, आणि त्याचे बोलणे ऐकून घेणारा भेटला. हिने तोंड उघडले तर तो पुरावा, गप्प राहिली तर तोही पुरावा. तिचे हात तेच, काल शेजारच्या पोराला भाकर देणारे. रूप पालटले ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत.

20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा हवाच. परंतु पाणवठ्यावर तिला परत कोण बोलावणार, हे न्यायालय ठरवू शकत नाही. ज्यांनी तिचे नाव घेतले त्यांनीच, चारचौघांदेखत, तिच्या अंगणात बसून तिच्या हातची भाकर खावी. दुसरा उःशाप मला तरी सुचत नाही.