कृत, कारित आणि क्युपोला

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्याच सुमाराला गोकुळ शिरगावच्या आमच्या फाउंड्रीत क्युपोलाचं तोंड फोडून लोखंड काढतात. या दोन गोष्टींचं एकमेकींशी काय नातं, हा विचार मी बरीच वर्षं टाळला. जैन श्रावकाला जे पंधरा धंदे वर्ज्य सांगितलेत, त्यांतला पहिलाच अंगारकर्म. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्याखाली कोळसा पाडणाऱ्यासोबत कुंभार, लोहार, सोनार, वीटभट्टीवाला असे सगळे येतात. म्हणजे आम्हीही आलोच. वडील म्हणायचे, "कुठंतरी पहिला नंबर आला की रे आपला!"

गृहस्थाला वाट मात्र ठेवलेली आहे. हिंसा चार प्रकारची: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. पहिली पूर्ण सोडायची. उद्योगातली सुटत नाही, ती कमी करत न्यायची. माझी अडचण या 'कमी' शब्दापाशी आहे. कमी कुठं मोजायची?

क्युपोला म्हणजे पत्र्याचं उभं नळकांडं, आतून अग्निविटा. वरच्या माचीवरून कोक, पिग, भंगार, चुनखडी असे थर टाकायचे, खालून ब्लोअरचा वारा. चार्जिंगवरचा आमचा माणूस सुट्टी झाल्यावर खांद्यावरच्या टॉवेलात नाक शिंकरतो, तेव्हा टॉवेल काळा होतो. हे मी रोज बघतो. अग्निकायिक जीव, म्हणजे अग्नी हेच ज्यांचं शरीर, ते मला दिसत नाहीत, टॉवेल दिसतो.

म्हणून इंडक्शन भट्टीचा विचार सुरू केला. विकणारा आला, म्हणाला, "साहेब, धूरच नाही. कोक नाही, राख नाही." शिवाय कोकमधलं गंधक लोखंडात उतरत नाही, त्यामुळं एस.जी. आयर्नची कामं घेता येतात. आमच्या इंजिनाच्या सुट्या भागांना मागणी पुढं किती राहील कोण जाणे, तेव्हा तेही हवंच. मी खुशीत घरी येऊन आईला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चूल आपल्यात पेटवली न्हाई, शेजारणीकडनं भाकरी करून आणली, तर पाप तिला व्हय?"

शास्त्रात याला नाव आहे. कृत, कारित, अनुमोदित: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, दुसऱ्यानं केलेल्याला संमती दिलेलं. तिन्हींचा कर्मबंध लागतो. गंमत अशी की त्याच आठवड्यात एका ग्राहकाकडून टनामागे कार्बन किती, हे विचारणारा फॉर्म आला. त्यात स्कोप एक म्हणजे तुमच्या आवारात जाळलेलं आणि स्कोप दोन म्हणजे विकत घेतलेल्या विजेसाठी दुसरीकडे जाळलेलं. कृत आणि कारित! फॉर्म करणाऱ्यानं आमची पाठशाळा पाहिली नसणार. अनुमोदनाचा रकाना त्यात दिसला नाही, कारण तो ग्राहकालाच भरावा लागला असता.

रात्री वही काढून बसलो. आमच्या क्युपोलाला टनाला 130 किलो कोक लागतो. आमच्या कोकमध्ये राख भरपूर, तरी त्यातून साडेतीनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. कोक बनवतानाचा आणि चुनखडीतून सुटणारा धरला तर चारशेच्या घरात. इंडक्शनला टनाला 600 युनिट. देशाच्या ग्रीडवर युनिटमागे साधारण 0.7 किलो, म्हणजे 420. कोयनेची जलविद्युत आमच्या जवळची खरी, पण ग्रीडमध्ये आल्यावर कोणती वीज कुठली, हे वेगळं काढता येत नाही. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॅटच्या औष्णिक केंद्राचा धूरही माझ्याच हिशेबात येतो. म्हणजे टॉवेल पांढरा होईल आणि आकाश आहे तेवढंच काळं राहील.

मग इंडक्शन घ्यायची कशाला? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हे कारण धरलंय: बेसावधपणा. ते वाचून मी आधी रिजेक्शनचा ढीग तोलायला लावला. शंभर किलो ओतलं तर रनर-रायझर जाऊन साठ किलो माल हाती येतो, त्यातलेही पाच-सहा किलो ब्लोहोलनं बाद. वाळूत ओल जास्त, बेंटोनाइट अंदाजानं, साच्यात वाफ जायला वाट ठेवलेली नाही. हे सगळं पुन्हा वितळवायचं. ती आग कुणाच्याही पोटासाठी नव्हती. माझ्या मते खरं अंगारकर्म ते, आणि ते कोणत्याही भट्टीत होतं.

तरी मी इंडक्शनच्या बाजूनं आहे. कोकची राख कोकलाच चिकटलेली. वीज मात्र उद्या सूर्याची होऊ शकते, आणि तिचं मीटर मला तासाला वाचता येतं. आणि टॉवेल. चंद्रपूरच्या माणसाचाही टॉवेल असेल, हे आईचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

गेल्या महिन्यात ऑर्डर दिली. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त असायची, म्हणून भट्ट्या रात्री चालवायची इथली जुनी रीत. आम्ही मात्र छपरावर सोलर बसवून दिवसाच हीट काढणार. रात्रीचं जेवण भट्टीलाही बंद. सोलर सगळ्याला पुरणार नाही, उरलेली वीज ग्रीडचीच. ती 'कारित' म्हणून वहीत वेगळी लिहायची ठरली आहे. जुन्या क्युपोलाचा पत्रा कापायचा ठरलाय, तो नव्या भट्टीच्या पहिल्या चार्जमध्ये जाईल.