हेतू चांगला होता

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. शहापूर तालुक्यातील एका गावी, मिशनच्या आवारात, रविवारच्या संध्याकाळच्या मिस्सानंतर युवकांनी काढलेले काही लघुपट दाखविण्याचा कार्यक्रम होता. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील मुलामुलींनी ते मोबाईलवर चित्रित केले होते. दोन खांबांना पांढरी चादर ताणून बांधली होती. समोर सतरंजीवर मुले आणि मागे खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी बसली होती. मला परीक्षक म्हणून नव्हे, तर ‘दोन शब्द बोलण्यासाठी’ बोलावले होते. आपल्याकडे दोन शब्द म्हणजे कौतुकाचे शब्द, हे वाचकांना सांगावयास नको.

त्यातील एका लघुपटाविषयी मला लिहावयाचे आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात एक वृद्ध स्त्री हंडे घेऊन पाड्याबाहेरच्या विहिरीकडे जाते, पाणी भरते आणि चढण चढून घरी परतते. कथा म्हणावी तर एवढीच. परंतु ती शहापूर तालुक्यात घडते, हे ध्यानात घेतले की तिला निराळाच अर्थ प्राप्त होतो. १८९२ साली तानसा धरण पूर्ण झाले आणि या डोंगरांतील पाणी मुंबईकडे वाहू लागले. पुढे भातसाही त्याच कामी आली. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा फार मोठा वाटा या तालुक्यातून जातो, आणि याच तालुक्यातील कित्येक पाडे वैशाख लागला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. मुलाने विषय अचूक निवडला होता.

लघुपट मात्र सदोष होता. कॅमेरा सारखा हलत होता. चढणीवर तर चादरीवरचे झाड, वाट आणि आजींची पाठ सगळेच हेलकावे खात होते. विहिरीपाशी आजी हंडा टेकवतात, आपल्याकडे वळून पाहतात आणि काही बोलतात. परंतु ऐकू येतो तो केवळ वाऱ्याचा घोंघाट. ओठ हलतात, शब्द पोहोचत नाहीत.

चित्र संपताच चर्चा सुरू झाली. मुरबाडहून आलेले एक निवृत्त गुरुजी स्पष्टवक्ते. ते म्हणाले, “सुताराने पाट डगमगता केला तर आपण त्याचा हेतू विचारतो का? पाट डगमगतो, एवढेच पाहतो.” त्यावर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी उठली. “गुरुजी, पाट आणि चित्रपट यांत फरक आहे. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ पाहा. शाळेची ओढ लागलेल्या पोराची एवढीशी गोष्ट, मोठे नट नाहीत की भपका नाही. तरी राष्ट्रीय पुरस्कार मिळालाच ना? इथे कॅमेरा हलतो, कारण आजींची वाटच तशी आहे. डोक्यावर हंडा असला की जगही असेच हलत असेल.” टाळ्या पडल्या. एक सिस्टर म्हणाल्या, “मुलाने मनापासून केले आहे. हेतू चांगला होता, हे पाहावे.”

मग माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि, आज लिहिताना संकोच वाटतो, वाऱ्यात हरवलेल्या त्या शब्दांवर पाच मिनिटे बोललो. खेड्याचा आवाज शहरापर्यंत पोहोचत नाही, हेच या मूक ओठांतून दिग्दर्शकाने सुचविले आहे, असे मी सांगितले. श्रोत्यांना ते पटले. मला स्वतःलाही फार पटले. मुलगा मात्र मान खाली घालून बसला होता.

तेवढ्यात मागच्या बाजूने, भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी बोलल्या. चित्रातल्याच त्या आजी. स्वतःला पाहण्यासाठी नातवाचा हात धरून आल्या होत्या. “मी तं बोललेली, हिरीचा कठडा पडलाय म्हणून. पोराबाळांची जा-ये असते तिथं. ते कुठं गेलं?”

सभेत शांतता पसरली. फादरांनी मुलाला जवळ बोलावून हळूच विचारले, तेव्हा तो म्हणाला, “फादर, मुद्दाम काहीच केलं नाही. हातात मोबाईल धरून मागून चालत होतो, पाय घसरत होता, म्हणून हललं. आवाजाचं घरी आल्यावर कळलं. परत जायला हवं होतं. पण चित्र चांगलं आलं होतं. म्हटलं, चालून जाईल.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. कलाकृतीचे मोल ठरविताना कलावंताचा हेतू पाहावा की कृतीतील दोष पाहावेत, हा प्रश्न वरवर पाहता रसिकांच्या वादाचा वाटतो. आजींच्या एका वाक्याने तो नीतीचा होऊन माझ्यासमोर उभा राहिला.

विचारवंतांनी या प्रश्नाचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. १९४६ साली विम्सॅट आणि बीअर्ड्स्ली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, कवीचा हेतू हा काव्याचे यश मोजण्याचा मापदंड होऊ शकत नाही. आपल्या ख्रिस्तसभेचे महान तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच याहून नेमके विवेचन केले होते. त्यांच्या मते कारागिराची प्रशंसा तो कोणत्या इच्छेने काम करतो यावरून होत नाही. काम कसे उतरले यावरून होते. गुरुजींचा पाट तो हाच! संत थॉमस याहीपुढे जाऊन एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट सांगतात. कलेच्या क्षेत्रात जाणूनबुजून चूक करणारा हा नकळत चूक करणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरतो, कारण त्याला कला अवगत असते. नीतीच्या क्षेत्रात याच्या नेमके उलट घडते: तेथे जाणूनबुजून चुकणारा अधिक दोषी.

पहिल्या विधानाची साक्ष पासोलिनी यांच्या ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ या १९६४ सालच्या इटालियन चित्रपटात मिळते. प्रभू येशूच्या खटल्याच्या प्रसंगी तेथे कॅमेरा हातात धरलेला आहे, तो हलतो, आणि मध्ये लोकांची डोकी येतात. गर्दीत मागे राहिलेल्या, पुढे जाण्याचे धैर्य नसलेल्या शिष्याला तो खटला जसा दिसला असेल तसाच तो आपल्याला दिसतो. पासोलिनी स्वतः श्रद्धावान नव्हते, अभिनय करणारे बहुतेकजण व्यावसायिक नट नव्हते. तरीही चित्रपटकलेच्या शताब्दीच्या वेळी, १९९५ साली, व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत त्याला स्थान मिळाले. तेथील हलणे हा दोष नव्हे, ते विधान आहे. कारण चित्रपटातील इतर साऱ्या गोष्टी त्या हलण्याशी मेळ राखतात.

मग आमच्या मुलाच्या कॅमेऱ्याचे काय? त्याने तर मुद्दाम काहीच केले नव्हते. संत थॉमसचा निकष लावला तर त्याच्या पदरी निव्वळ दोषच येतो. परंतु मला वाटते, येथे दोषादोषांत भेद करणे अगत्याचे आहे, आणि त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. शहापूरच्या मंडळींनी आसनगावला गाडी धरावी, कसारा घाट चढावा, की पलीकडे नाशिक जिल्हा लागतो. तेथील त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. येशूच्या जीवनावरील एक मूकपट मुंबईत पाहताना आपणही असे चित्र काढावे, या ध्यासाने त्यांना पछाडले, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी एक चिमुकले चित्र काढले, ते फारसे आठवले जात नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, कॅमेरा एका जागी पक्का ठेवून, रोज थोडे थोडे चित्रण करीत त्यांनी अंकुराची वाढ टिपली. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून केलेला तो लघुपटच होता.

कल्पना करा, मध्येच एखाद्या दिवशी फाळके यांनी ‘आज राहू दे, चालून जाईल’ असे म्हटले असते तर? कॅमेरा जागचा हलला असता तर? अंकुर वाढताना दिसलाच नसता. त्यांचा उदात्त हेतू जसाच्या तसा राहिला असता. केवळ तो पडद्यावर उतरला नसता. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्यातील तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण काम करावयास स्त्री मिळाली नाही. हाही दोषच. परंतु तो दारिद्र्याचा, परिस्थितीचा दोष होता. फाळके यांच्या हाती जे होते त्यात त्यांनी कसर ठेवली नाही. जे हाती नव्हते, त्याबद्दल प्रेक्षकांनी त्यांना बोल लावला नाही.

येथे मला विधवेच्या दोन नाण्यांची आठवण होते. सामान्य कामाचे समर्थन करताना आपण हा दाखला सर्रास देतो: देणे लहान असले तरी हेतू मोठा होता. पण संत मार्ककृत शुभवर्तमानातील बारावा अध्याय पुन्हा वाचावा. प्रभू तिच्या हेतूविषयी काहीच बोलत नाही. तिने आपल्यापाशी होते ते सगळे टाकले, काही मागे ठेवले नाही, एवढेच तो दाखवून देतो. त्या दोन नाण्यांचे मोल तिच्या भावनेवरून नव्हे, तिने हात आखडता घेतला नाही यावरून ठरले.

या मापाने पाहता मुलाचा हलणारा कॅमेरा हे विधवेचे नाणे आहे. घसरत्या चढणीवर, हातात साधा मोबाईल धरून त्याला याहून स्थिर चित्र घेता आले नसते. तो दोष आपण आनंदाने पदरात घ्यावा. आजींचा हरवलेला आवाज मात्र तसा नाही. तो दोष कळला होता, परत जाणे शक्य होते, विहीरही जागेवर होती. तेथे त्याने काही मागे ठेवले. आणि त्याची झळ कलेला लागली नाही; एका स्त्रीला लागली, जिने विश्वासाने तोंड उघडले होते, आणि त्या पडक्या कठड्यापाशी खेळणाऱ्या मुलांना लागू शकत होती. ज्या क्षणी आपण जिवंत माणसासमोर कॅमेरा धरतो, त्या क्षणी तंत्राची काळजी ही त्या माणसाची काळजी होते. म्हणून संत थॉमसची दोन्ही विधाने येथे एकाच वेळी लागू पडतात: कारागीर म्हणून तो कमी पडला, आणि कळूनही गेला नाही म्हणून माणूस या नात्यानेही थोडा उणा ठरला.

परंतु त्याहून अधिक उणा मी ठरलो. त्याचे वय सोळा-सतरा, आणि तो निदान खरे बोलला. मी मात्र न ऐकू आलेल्या शब्दांत अर्थ भरला, पण ‘आजी काय बोलल्या?’ एवढा साधा प्रश्न विचारला नाही. त्या तर वीस हातांवर बसल्या होत्या! कलावंताच्या पदरी नसलेला हेतू घालणे हे मोठ्या मनाचे लक्षण आहे, असे मला वाटत आले होते. खरे पाहता तोही ‘चालून जाईल’चाच प्रकार. सिस्टरांचे वाक्य दयाळू होते, माझे विद्वत्तापूर्ण होते. पण त्या दिवशी मुलाला त्याच्या कामासह गांभीर्याने घेतले ते एकट्या गुरुजींनी. डगमगत्या पाटाला डगमगता म्हणणे हासुद्धा प्रीतीचा एक प्रकार असू शकतो, हे मी उशिरा शिकलो.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर तीच चादर पुन्हा बांधली गेली. मुलगा आठवड्यात परत पाड्यावर जाऊन आला होता. कोणाकडून तरी आणलेला छोटा माईक त्याने आजींच्या पदराला टाचला होता. वाट पूर्वीइतकीच हलत होती आणि त्याबद्दल या वेळी कोणी काही विचारले नाही. विहिरीपाशी आजी वळल्या आणि त्यांचे शब्द स्वच्छ ऐकू आले.

टाळ्या पडल्या नाहीत. गुरुजी उठले आणि त्यांनी आजींना विचारले, “मावशी, विहीर कोणत्या पाड्याची?” मग फादरांकडे वळून म्हणाले, “एक कोरा कागद द्या. अर्ज लिहायचा आहे.”