मस्करीचे मुसळ

वारकरी सज्जनहो, परमार्थाच्या मासिकात थट्टामस्करीवर निरूपण कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपण काही प्रपंच सोडून आलेली माणसे नव्हे. आपल्यातला कोणी कारखान्यात यंत्रावर उभा असतो, कोणी कचेरीत कारकुनी करतो, कोणी एस. टी.च्या डेपोत असतो, तर कोणी भाजीच्या गाळ्यावर. दिवसाचे आठ-दहा तास ज्यांच्या संगतीत जातात, त्यांच्याशी आपण कसे हसतो आणि त्यांच्यातल्या कोणाला हसतो, हाही साधनेचाच भाग आहे. सकाळी देवापुढे हात जोडायचे आणि दुपारी त्याच हातांनी बसत्या सोबत्याच्या खालची खुर्ची ओढायची, याला भक्ती कसे म्हणावे?

एक गोष्ट आधीच स्वच्छ सांगतो. आपला संप्रदाय तोंड पाडून बसणाऱ्यांचा नाही. वारीच्या वाटेवर फुगड्या होतात, हुतूतू रंगतो, ऐंशी वर्षांची आजी पोरीसारखी गिरकी घेते. नाथमहाराजांनी भारुडे रचली, ती ऐकताना आजही मंडप हसून लोटपोट होतो. हसणे वर्ज्य असते, तर नाथांनी जोशी, गोंधळी, वासुदेव यांची सोंगे शब्दांत उभी केलीच नसती. पण नाथांचा विनोद कोणावर आहे ते पाहा. माणसाच्या अहंकारावर, दंभावर आणि लोभावर आहे. दुबळ्या माणसावर नाही.

यावर कोणी शंका काढील, की महाराज, देवानेच गोकुळात खोड्या केल्या. काल्याच्या कीर्तनात तुम्हीच त्या रंगवून सांगता. मग आम्ही मित्राची खोडी काढली तर बिघडले कुठे?

शंका चांगली आहे. उत्तर ऐका. देवाने लोणी चोरले, ते एकट्याने खाल्ले नाही. सवंगड्यांना दिले, माकडांनाही दिले. त्याहून मोठी गोष्ट भागवताच्या दशम स्कंधात आहे. ब्रह्मदेवाने देवाची परीक्षा पाहण्यासाठी वासरे आणि गोपाळ लपवून ठेवले. म्हणजे ती ब्रह्मदेवानेच केलेली खोडी. त्यावर देवाने काय केले? संध्याकाळी गोकुळातल्या आया वाट पाहत असतील, गाई हंबरत असतील, हे जाणून देव स्वतःच तितकी वासरे झाला आणि तितके गोपाळ झाला. एक वर्ष हा खेळ चालला, पण एकाही आईच्या डोळ्याला पाणी आले नाही. देवाच्या खेळाची ही खूण आहे. ज्याला देवाच्या खोड्यांचा दाखला द्यायचा असेल, त्याने आधी ही खूण आपल्या खोडीत दाखवावी.

आता दुसरी बाजू पाहू. ज्या एकादश स्कंधावर नाथमहाराजांनी 1573 साली काशीक्षेत्री टीका पूर्ण केली, त्याचा आरंभच एका मस्करीने होतो. पिंडारक क्षेत्री ऋषिमंडळी उतरली होती. यादवांच्या पोरांना लहर आली. जांबवतीचा मुलगा सांब, त्याला लुगडे नेसवले, पोटाला गर्भार बाईसारखा फुगवटा केला आणि त्याला ऋषींपुढे उभे केले. वर मोठ्या नम्रतेने पाया पडून विचारले, "ही बाई विचारायला लाजते आहे, हिला काय होईल ते सांगा." ऋषींनी ओळखले. म्हणाले, "कुळाचा नाश करील असे मुसळ होईल." घाबरून लुगडे सोडून पाहतात, तो आत खरेच लोखंडाचे मुसळ!

पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. उग्रसेनाने मुसळाचे चूर्ण करवून समुद्रात टाकले. वाटले, संपले. पण लाटांनी ते चूर्ण किनाऱ्याला आणले आणि त्याचे लव्हाळे उगवले. प्रभासक्षेत्री यादव मद्य पिऊन एकमेकांवर उठले, तेव्हा तेच लव्हाळे उपटून भाऊ भावाला मारू लागला. उरलेला लोखंडाचा तुकडा माशाने गिळला, तो जरा नावाच्या पारध्याला मिळाला, आणि त्याचेच टोक बाणाला लागून भगवंताच्या चरणी रुतले. साक्षात देव घरात असता मस्करीने घर बुडाले. शाप फिरवायला देव समर्थ होता. त्याने तो फिरवला नाही.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, त्या पोरांच्या मनात कोणाला मारायचे नव्हते. "आम्ही गंमत करत होतो," हेच त्यांनीही सांगितले असते. दुसरी, मुसळाचे चूर्ण केले तरी ते नाहीसे झाले नाही. आपणही कोणाला दुखावून "अरे, मनावर घेऊ नकोस" म्हणतो, म्हणजे मुसळ कुटून समुद्रात टाकतो. समोरच्याच्या मनाच्या काठावर त्याचे लव्हाळे उगवतातच.

आजच्या कामाच्या जागी हे मुसळ कोणत्या रूपाने येते? कारखान्यात कॉम्प्रेसरची नळी सोबत्याच्या अंगाला लावून हवा सोडतात आणि हसतात. त्या दाबाच्या हवेने आतडी फाटून माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याच देशात छापून आल्या आहेत. खुर्ची ओढल्याने मणका दुखावतो, तो जन्माचा. "घरून फोन आला, आई अत्यवस्थ आहे," असे खोटेच सांगून एखाद्याला धावायला लावतात. माळकरी सोबत्याच्या डब्यात गुपचूप अंड्याचा तुकडा ठेवतात आणि त्याने घास घेतला की टाळ्या पिटतात. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो.

माळकऱ्याने अशा वेळी काय करावे? फसवून व्रत मोडवले, तर त्याचा दोष फसवणाऱ्याकडे जातो. घास थुंकून टाकावा, चूळ भरावी, नाम घ्यावे आणि चारचौघांत शांतपणे पण स्पष्ट सांगावे, "दादा, हे पुन्हा करू नका." आणि जिथे जिवाला धोका आहे, तिथे गप्प बसणे म्हणजे शांती नव्हे. वरिष्ठांना सांगणे हा चहाडीचा दोष नाही. त्यात पुढच्याचे प्राण वाचतात.

नुसते दुसऱ्यांना सांगून चालणार नाही, दिंडीतही पाहावे. पहिल्यांदा वारीला आलेल्या पोराला मुक्कामाचे गाव चुकीचे सांगणे, म्हाताऱ्याच्या वहाणा लपवणे, हे आपल्यातही होते. लाखांच्या गर्दीत चुकामूक झालेला माणूस रात्रभर कसा फिरतो, ते ज्याचे त्याला ठाऊक.

पैठणची गोष्ट परंपरेने सांगतात. मुलाच्या मुंजीसाठी पैसे हवे असलेल्या एका गरीब ब्राह्मणाला टवाळखोरांनी सांगितले, "एकनाथाला राग आणून दाखव, दोनशे रुपये देतो." तो बिचारा नाथांच्या मांडीवर जाऊन बसला, पुढे वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, "सांभाळ, पडेल तो." माउली म्हणाल्या, "मुलाला पाठीवर घ्यायची मला सवय आहे." आपण या कथेत नाथांची शांती पाहतो, ती पाहावीच. पण टवाळखोरही पाहावेत. त्यांनी स्वतः काही केले नाही. एका गरजवंताच्या गरजेचे खेळणे केले. कचेरीतला नवा शिपाई, कारखान्यातला उमेदवार पोरगा, ज्याला नोकरी टिकवायची म्हणून हसावे लागते, त्याला पुढे करून मजा पाहणारे त्याच जातीचे.

म्हणून मस्करी करण्यापूर्वी मनाला तीन प्रश्न विचारावेत. ज्याची थट्टा होते, तोही मोकळेपणी हसेल का? तो आपल्याला उलट बोलू शकेल अशा बरोबरीचा आहे का? आणि झाले ते घटकाभरात पूर्ववत करता येईल का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर खुशाल हसा, देवही तुमच्याबरोबर हसेल. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर हात आवरावा.

वारकरी भेटला की आपण त्याच्या पाया पडतो, तो आपल्या पडतो. लहानमोठा पाहत नाही. ज्याच्या पायी डोके ठेवायचे, त्याच्या पायात पाय अडकवून त्याला पाडायचे नाही, एवढे कामावर जाताना आठवणीत असू द्यावे. रामकृष्णहरि.