चौदाशे वर्षांचं पार्टिशन

आज चांगदेव पासष्टी.

धुळ्याला मामांची १ टीबीची हार्ड डिस्क गेली. आजोबांच्या हरिपाठाचं रेकॉर्डिंग फक्त बॅकअपमध्ये उरलं, आणि नवी एसएसडी ५१२ जीबीची. डेटा जेमतेम ९० जीबी, तरी इमेज रिस्टोअर होईना. पार्टिशनने अख्खी १ टीबी जागा अडवलेली, बहुतेक रिकामीच! दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवून पार्टिशन लहान केलं, तेव्हा कुठे बसलं.

आपल्या जळगावकडचे, तापी-पूर्णा संगमावरचे चांगदेव असेच अडले. वय म्हणे १४०० वर्षं. ज्ञानोबांना पत्रात ‘चिरंजीव’ लिहावं की ‘तीर्थरूप’? कागद कोराच गेला. ज्ञान कमी नव्हतं हो, मोठेपणानेच जागा अडवलेली. माउलींचं उत्तर अवघं ६५ ओव्यांचं. पण ते आत उतरायला चांगदेवांना लहानग्या मुक्ताईचं शिष्य व्हावं लागलं.