पिल्लांवरची मरळ

मरळीच्या पिल्लांना लपता येत नाही. पावसाळ्यात तळ्याच्या कडेला, गवतातल्या उथळ पाण्यात त्यांचा तांबूस घोळका वर येतो, पृष्ठभागावर क्षणभर थरथरतो आणि खाली जातो. मरळ हवेतला श्वास घेणारा मासा आहे. पिल्लांनाही थोडी मोठी झाली की वर यावंच लागतं. घोळक्याखाली आईबापांपैकी एक, कधी दोघंही, पहाऱ्यावर असतात. अंडी घालण्यासाठी त्यांनी गवत सारून जागा केलेली असते. अंडी तिथेच तरंगतात, दीड-दोन दिवसांत फुटतात आणि मग काही आठवडे हा पहारा चालतो. गळ टाकणाऱ्याला याहून सोपी खूण नाही. घोळक्याच्या मधोमध बेडूक टाकायचा. मोठी मरळ त्याच्यावर तुटून पडते.

माझे मामा उभं आयुष्य असेच मरळीमागे हिंडले. संस्कृतचे निवृत्त शिक्षक, वडोदऱ्याच्या घडियाळी पोळीत तीन पिढ्यांचं घर. लग्नसराईत चणियाचोळी आणि शेरवानी घ्यायला आलेली गर्दी त्यांच्या ओट्याला घासून जाते. शेजार बहुतेक शाकाहारी, म्हणून मासे तळायचे ते मागच्या खोलीत, खिडक्या लावून. मी प्राणिशास्त्र शिकवते. श्रावण लागायच्या आधी एकदा तळ्यावर जाऊन येतो, असं ते म्हणाले आणि मी म्हटलं, "मामा, जा. पण पिल्लांवरची मरळ धरू नका."

"का गं? फेब्रुवारीत आणली तेव्हा कालवण ओरपलंस की."

"ओरपलं. तेव्हा ती पिल्लं राखत नव्हती."

"मरळीला काय फरक? फेब्रुवारीत मेली काय नि आषाढात मेली काय, जीव एकदाच जातो."

"मरळीला नसेल. पिल्लांना आहे. पहारा उठला की बगळे, पाणसाप, बाकीचे मासे त्यांना टिपून संपवतात."

मामा गळाचा दोर तपासत होते. तो त्यांनी बाजूला ठेवला. "हिशेबच करायचा तर नीट कर. फेब्रुवारीत मारलेली मरळ आषाढात अंडी घालणारच होती. ती अंडी कुठे गेली? ती जन्मलीच नाहीत. इथे निदान पिल्लं पाण्यात आहेत, चार वाचतील. आणि गाबोळी? मासा कापताना गाबोळी निघाली तर ती वेगळी तळून आधी कुणाला लागते?"

मला. आमच्या घरात गाबोळीवरून मुलं भांडतात. आणि हिशेब म्हणून मामांचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. विणीच्या हंगामातली बंदी संख्येसाठी असते, हे मी वर्गात शिकवते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते ती त्याचसाठी. पण एका माणसानं एका तळ्यातून एक मरळ आणली तर संख्येला फारसं काही होत नाही. माझा आक्षेप तिथे नव्हताच, हे मला बोलता बोलता कळलं.

"मामा, फेब्रुवारीत ती गळाला का लागते?"

"भुकेनं."

"आणि आता?"

त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून मीच पुढे बोलले. "आता ती बेडकाला घास समजून धरत नाही, शत्रू समजून धरते. भूक नसली तरी धरते. तुम्ही तिला खायला देत नाही, तिच्या पिल्लांवर हल्ला झाल्याचं सोंग करता. ती वाचवायला येते, म्हणून सापडते."

"भुकेला फसवलेलं चालतं, मायेला फसवलेलं चालत नाही. हे कुणी ठरवलं? आणि माशाला माया असते, हे तुमच्या शास्त्रात आहे का?"

"शास्त्र म्हणेल, शरीरातल्या रसायनांचा परिणाम आहे. तिला काय वाटतं हे मला सिद्ध करता येणार नाही. पण मी तिच्यातल्या कशाचा उपयोग करून घेते आहे, हे मला पक्कं ठाऊक असतं."

मामा गप्प झाले आणि मग, खरं तर माझ्या बाजूनं पडेल असा दाखला त्यांनी स्वतःच काढला. तो त्यांचा स्वभाव आहे. पटणारी गोष्ट ते समोरच्याच्या हाती ठेवतात आणि मग तिच्यातलं भोक दाखवतात. आदिपर्वातली पांडूची कथा. हरणाच्या रूपात रत झालेल्या किंदम ऋषीला पांडूनं बाण मारला. मरता मरता ऋषी बोलू लागला तेव्हा पांडूनं आपली बाजू मांडली: मृगया हा राजांचा धर्म आहे, अगस्त्यानंही मृग मारले होते. किंदमाचं उत्तर असं की मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही. पण थांबायचं होतंस, ही वेळ नव्हती.

"म्हणजे महाभारतानं मारणं आणि केव्हा मारणं हे वेगळं केलं," मी म्हटलं.

"केलं. पण शाप कुणी दिला? हरणानं नाही. आत माणूस होता. कथाकारानं हरणाच्या कातड्यात ऋषी बसवला आणि मग आपल्याला दया आली. तुझ्या मरळीत कोण ऋषी बसलाय?"

"कुणी नाही. पण दोष वेळेचा असेल तर आत कोण आहे याला महत्त्व उरत नाही. कथेला बोलायला तोंड हवं होतं, म्हणून ऋषी. आणि अशोकाला तर तोंडही लागलं नाही." राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये आणि सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मारू नये असं आहे. माशांसाठी मात्र तिथे दिवस ठरवले आहेत: दर चार महिन्यांनी येणाऱ्या चातुर्मासी पौर्णिमांना आणि काही नेमक्या तिथींना मासे मारू नयेत, विकूही नयेत.

"पाहा," मामा लगेच म्हणाले, "शेळीला आई म्हणून सोडलं, माशाला तिथी म्हणून. अशोकालाही मासा आई वाटला नाही."

"त्यानं मरळ पाहिली नसेल."

"आणि सोमेश्वरानं?" कल्याणीच्या चालुक्य राजाचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा मामांचा आवडता ग्रंथ. तो छापला गेला तो इथेच, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली. पहिला भाग १९२५ साली आला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे: माशांच्या जाती, गळ, दोर, कोणत्या माशाला कोणतं आमिष. मामा तो भाग एखाद्या सुगरणीच्या वहीसारखा वाचतात. "विनोद म्हणजे खेळ. खेळात दोन्ही बाजूंना संधी हवी. तेवढं मी मानतो. पिल्लांवरची मरळ म्हणजे बांधलेलं सावज, यात खेळ नाही. म्हणून मग असं करतो. धरतो आणि सोडून देतो."

हा तोडगा जगभरचे गळ टाकणारे मांडतात आणि तो निर्दोष वाटतो. अमेरिकेतला लार्जमाउथ बास मरळीसारखाच राखण करणारा. वसंतात नर तळाशी वाटीसारखं घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते, नर राखतो. त्याला गळानं वर काढलं की तेवढ्या वेळात ब्लूगिलसारखे लहान मासे घरट्यावर तुटून पडतात. पाण्यात परत सोडलेला नर दमलेला असतो. घरट्यात फारसं काही उरलं नसेल तर तो ते सोडूनही देतो. दक्षिण ऑंटारियोत बहुतेक ठिकाणी बासची मासेमारी जूनमध्ये खुली होते, ती याच विचारानं. याहून मला अस्वस्थ करणारं काम इलिनॉयच्या रिज लेकवर झालं. तिथे वर्षानुवर्षं गळाला लागलेल्या प्रत्येक बासची नोंद ठेवली गेली. सहज गळाला लागणारे आणि न लागणारे अशा दोन्ही प्रकारच्या बासांच्या पुढच्या पिढ्या वाढवल्यावर दिसलं की हा स्वभाव वंशात उतरतो. आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की जे नर सहज गळाला लागतात तेच पिल्लांची राखण अधिक जोरानं करतात.

"म्हणजे," मामा सावकाश म्हणाले, "चांगला बाप आधी पकडला जातो."

"आणि तळ्यात उरतात ते पिल्लांकडे कमी लक्ष देणारे. त्यांचीच वीण पुढे जाते."

समोरच्या ओट्यावर बसलेले जैन काका बराच वेळ ऐकत होते. पोळीत कुणाचंही बोलणं खासगी राहत नाही. त्यांचं मराठी आमच्याइतकंच स्वच्छ आहे. ते म्हणाले, "रागावू नका. पण तुम्ही मारायचं हे आधीच ठरवलंय, आता फक्त मुहूर्त शोधताय. असा नियम केला की मन शांत होतं आणि बाकीचे दहा महिने हात मोकळा राहतो."

या आक्षेपाला मी आजही पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. एवढंच म्हणू शकते की जो सगळं सोडू शकत नाही त्याला काहीच सोडता येऊ नये, हे मला पटत नाही. काकांचे साधूही चातुर्मासात विहार थांबवतात, कारण पावसात जीव जास्त असतात. वेळ पाहून वागणं त्यांच्याकडेही आहे. काकांनी ते मान्य केलं आणि पुढे म्हणाले, "हो, पण ते थांबतात तेव्हा स्वतःची सोय सोडतात. तुम्ही काय सोडता?"

मामांनी तो धागा पकडला. "बरोबर. हिचा नियम मला सोडायला लावतो, हिला काहीच नाही. मरळ धरतो मी. ही पालवा खाते."

पालवा म्हणजे बंगाल्यांचा इलिश. पावसाळ्यात तो समुद्रातून नर्मदेत चढतो तोच मुळी अंडी घालायला, आणि भरूचजवळ भाडभूतचे माछी तेव्हाच त्याला धरतात. देवपोढी अगियारसला ते नर्मदेला दूध वाहून पालव्याचा हंगाम सुरू करतात. आमच्या घरी त्याच आषाढी एकादशीला साबुदाणा आणि वरी असते. चार दिवसांनी पालवा येतो, गाबोळीसकट.

मी विचार करून म्हटलं, "पालवा राखण करत नाही. जाळं त्याच्या वाटेत येतं, त्याच्या मायेला कुणी बोलावत नाही. त्या अर्थानं मरळ धरणं जास्त वाईट. पण संख्येच्या अर्थानं पालवा धरणं जास्त वाईट. एक मरळ गेली तर एक घोळका जातो. चढणीचा पालवा गेला तर नदीतली वीणच जाते. हे दोन वेगळे दोष आहेत, मामा. एका तराजूत बसत नाहीत."

"मग पालवा सोड."

"सोडते. या वर्षीपासून पावसाळ्यात नाही."

"आणि माछ्याला काय सांगू? त्याचं वर्षाचं पोट त्या दोन-तीन महिन्यांवर आहे. वर सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत चढलं, खाली भाडभूतला बंधारा येतोय, २०१७ साली त्याची पायाभरणी झाली. मासा वर कसा चढणार हीच त्याला धास्ती. नदी अडवली त्यांना कुणी विचारत नाही आणि जाळं टाकणाऱ्याला आपण शील शिकवायचं?"

इथे मामा खरोखर चिडले होते, आणि चिडण्याचा त्यांना हक्क होता. ज्याच्याकडे दुसरा धंदा नाही त्याच्यावर विणीच्या हंगामाचा नियम लादायचा तर त्या काळाची भाकरीही द्यावी लागते. बांगलादेशात आश्विनातल्या पौर्णिमेच्या सुमारास बावीस दिवस इलिश धरायला बंदी असते आणि नोंदलेल्या मच्छीमार कुटुंबांना सरकार तांदूळ देतं. तो पुरत नाही, वेळेवर मिळत नाही अशा तक्रारी असतात. पण नियम आणि तांदूळ यांचं नातं तिथे निदान मान्य केलं आहे.

"मग आधी तांदळाचं बोल," मामा म्हणाले, "पालव्याचं नंतर."

"दोन्ही बरोबर बोलू. पण मरळीसाठी तांदूळ लागत नाही, मामा. तुम्हाला पेन्शन आहे."

"आहे," ते म्हणाले. डब्यातले बेडकाचे मोठे गळ त्यांनी काढून फळीवर ठेवले आणि लहान मासळीचे, गांडूळ लावायचे तेवढे बरोबर घेतले.