रविवार कोणाचा?

गुरुवार उलटला की शाळकरी मुलांच्या आईबापांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेली चर्चा सुरू होते. या रविवारी मुलांना कुठे न्यायचं? लोणावळ्याचं नाव निघताच कोणीतरी भुशी डॅमच्या गर्दीची आठवण करून देतं. वॉटर पार्कच्या तिकिटांचा हिशेब केला की पुढचं कोणी बोलत नाही. मॉल तर सगळ्यांनाच नको असतो आणि शेवटी सगळे तिथेच भेटतात. मुंबईकर असला तर तो मध्येच मेगाब्लॉकचं वेळापत्रक टाकून मोकळा होतो. बरीच वर्षं हे ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे, की हा प्रश्न भलत्याच टोकाने धरला जातो. सुट्टी रंगते की फसते ते ठिकाणावर फार थोडं ठरतं. त्या दिवशी घरातली कामं कोण उपसतं आणि दिवस कसा घालवायचा हे कोण ठरवतं, यावर ते जास्त ठरतं.

रविवारची सुट्टी आपल्याकडे आभाळातून पडलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र करून ज्या मागण्या पुढे ठेवल्या, त्यांत रविवारची पूर्ण सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि पगार वेळेवर मिळावा हेही होतं. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा सुट्टी त्याच दिवशी हवी, असंही त्यांनी म्हटल्याचं सांगतात. गिरणीमालकांनी हे मान्य करायला १० जून १८९० उजाडला. कामगारांना हवा होता तो मालकाच्या भोंग्यावर न चालणारा एक दिवस. त्या दिवसाचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं होतं.

आज मध्यमवर्गीय घरातला रविवार पाहिला तर भोंगा घरातच बसवून घेतल्यासारखा वाटतो. सातला पोहणं, नऊला अ‍ॅबकस, अकराला कोणाच्या तरी वाढदिवसाची भेटवस्तू आणायची, दुपारी शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव, संध्याकाळी ‘फॅमिली टाइम’. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तरी बऱ्याच मुलांची शनिवारची सकाळची शाळा चालूच आहे. त्या शनिवारसाठी शालेय शिक्षण विभागाने २०२४ साली पहिली ते आठवीच्या वर्गांना ‘आनंददायी शनिवार’ नावाचा उपक्रम दिला. हेतू चांगला आहे, शंका नाही. पण आनंदासाठी शासन निर्णय काढावा लागतो, तेव्हा उरलेल्या पाच दिवसांविषयी सरकारचं काय मत असेल, असा विचार मनात येतोच.

लोखंड्यांच्या लढ्याने गिरणीतल्या माणसाला सुट्टी मिळाली. गिरणीत राबणाऱ्या बायकांनाही मिळाली, पण गिरणीपुरतीच. घरची चूल त्या कराराबाहेर राहिली आणि ती अजून बाहेरच आहे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. ही ८८ मिनिटंही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच आहेत. न लावणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत.

रविवारी तर चूल जास्तच पेटते. रोजचे पोहे आज चालत नाहीत, इडली हवी, म्हणजे शनिवारी डाळ-तांदूळ भिजत घालणं आलं. बाबा सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभे राहतात, ‘मांडीचं दे, दोन नळ्या टाक’ म्हणून हक्काने सांगतात. त्यांचे कष्टही खरे आणि ती रांगही खरी. पण कांदा-खोबरं भाजून वाटण करायला, रस्सा उकळायला, भाकऱ्या थापायला आणि तेलकट भांड्यांच्या ढिगापुढे उभं राहायला दुसरंच कोणी असतं. बाहेर जायचं ठरलं तरी तेच. डबा, पाण्याच्या बाटल्या, टोपी, जादा कपडे, घाटात गाडी लागते म्हणून आवळासुपारी, आणि परतल्यावर चिखलाचे बूट. घराला ‘चला, मजा करू’ म्हणणारा माणूस बहुधा यातलं काही भरत नाही. आई का वैतागली आहे ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कळत नसेल, पण वैतागली आहे हे त्याला गाडीत बसण्यापूर्वीच कळलेलं असतं. मग पुढे कितीही भारी धबधबा दाखवा.

म्हणून सुट्टीचा बेत आखायचा तर शुक्रवारी रात्री कामांची वाटणी आधी व्हावी आणि त्या वाटणीत मुलाच्या नावावरही काहीतरी असावं. हे त्याला वळण लागावं म्हणून नव्हे. या वयातल्या मुलाला खरं काम हवं असतं, आणि खरं कुठलं नि लुटुपुटूचं कुठलं हे त्याला चटकन ओळखता येतं.

आमच्याकडे मुलगी तिसरीत गेली तेव्हा रविवारची मंडई तिच्याकडे आली. यादी तिने करायची, पैसे तिच्याजवळ, आम्ही फक्त पिशवी धरायची. पहिल्याच खेपेला तिने मेथीची जुडी उलटी धरून मुळं पाहिली आणि ‘ही आतून पिवळी आहे’ असं भाजीवाल्या मावशींना तोंडावर सांगितलं. मावशी म्हणाल्या, “आली बघा सासूबाई!” आणि जुडी बदलून वर कढीपत्त्याची काडी टाकली. यादीत आलं लिहायचं राहून गेलं होतं. घरी आल्यावर ते लक्षात आलं, पण परत कोणी गेलं नाही. दिवसभर बिनआल्याचा चहा झाला. मोठ्यांनी गुपचूप जाऊन आलं आणलं असतं, तर मंडई तिची राहिली नसती. दुपारी मटार सोलायला शेजारचा मुलगा येऊन बसला. निम्मे दाणे पातेल्यात पडले आणि निम्मे पोटात गेले.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो वाजवी आहे. घरकामात मजा शोधणं हे ज्यांच्या वाट्याला ते रोज येत नाही त्यांना सुचतं. ज्या घरात दहा वर्षांची मुलगी शाळेतून आली की भांडी घासते, धाकट्याला कडेवर घेते आणि भाऊ तेवढ्यात क्रिकेट खेळून येतो, तिथे रविवारी तिला आणखी एक काम देणं हा अन्यायच. तिच्या बाबतीत वाटणी म्हणजे तिच्या हातातली कळशी काढून भावाच्या हातात देणं आणि तिला मैदानावर धाडणं. वाटणी म्हटलं की कोणाचं काम वाढतं, तसं कोणाचं तरी कमी व्हायला हवं.

ठरवण्याचा हक्कही असाच खरा असावा. ‘तू सांग कुठे जायचं’ असं विचारून मग ‘ते नको, लांब आहे’ म्हणायचं, या खेळाला मुलं लवकर विटतात. त्यापेक्षा महिन्यातला एक रविवार पूर्ण मुलाचा म्हणावा, पैशांची मर्यादा आधीच सांगावी, आणि तो ‘घरीच बसायचं, पत्ते खेळायचे’ म्हणाला तर निमूट पत्ते पिसावेत. बऱ्याच पालकांना हेच जड जातं. सोमवारी शाळेत बाकीची मुलं काय सांगतील, ही धास्ती मुलापेक्षा आपल्यालाच जास्त असते.

बाहेर जाऊच नये असं माझं म्हणणं नाही, पण थोडंच बघावं आणि पुन्हा पुन्हा जावं. पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी अख्खं आयुष्य घालून दिवे, अडकित्ते, वज्र्या, दरवाजे, वाद्यं अशा घरगुती वापरातल्या वस्तू जमवल्या, आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. ही हकीकत मुलाला सांगितली की ते संग्रहालयाकडे वेगळ्या नजरेने बघतं. मात्र सगळी दालनं एका दमात उरकायला निघालात तर तिसऱ्या दालनात ‘भूक लागली’ ऐकू येणारच. एका खेपेला फक्त अडकित्ते बघावेत. माणसाच्या आकाराचे, पक्ष्याच्या आकाराचे, एकासारखा दुसरा नाही. सुपारी फोडायला एवढी कलाकुसर कशाला, यावर घरी येईपर्यंत वाद घालता येतो. दिवे पुढच्या वेळेला. बालनाट्याचंही तसंच. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ साली पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा वैभव मांगले यांची चेटकीण बघून आलेली मुलं पुढे कित्येक दिवस घरात चेटकीण होऊन फिरत होती. नाटक दोनेक तासांचं, पण घरातला त्याचा प्रयोग संपता संपत नाही, आणि तो बघायला तिकीट लागत नाही. त्याला लागते ती मोकळी दुपार.

ती दुपार राखणं हे बेतातलं सगळ्यात अवघड कलम. जेवून मोठी माणसं आडवी होतात आणि मूल ‘कंटाळा आला’ म्हणत घरभर फिरतं. त्या वेळी त्याच्या हातात मोबाइल ठेवणं सोपं, आणि आपल्या हातात तो आधीच असल्यामुळे नाही म्हणायला तोंडही नसतं. तो सगळ्यांनीच दूर ठेवला, तर अर्ध्या-पाऊण तासाच्या भुणभुणीनंतर मूल बहुतेक वेळा काहीतरी शोधतं. क्वचित नाही शोधत, आणि मग आपली झोप मोडते. एवढं चालवून घ्यावं.

आपण घराबाहेर पडून जी मजा करतो, ती कोणीतरी रविवारी कामावर आल्यामुळेच होते. एसटीचे वाहक, हॉटेलातले वाढपी, मॉलच्या दारातले रखवालदार, इस्पितळातल्या परिचारिका यांची सुट्टी मंगळवारी-बुधवारी येते आणि तेव्हा त्यांची मुलं शाळेत असतात. त्यांच्यासाठी आपल्याला फारसं काही करता येत नाही. पण घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं तसं नाही. राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी त्यांची आठवड्याची सुट्टी अजून घरोघरच्या बोलीवरच ठरते. रविवारी पाहुणे, रविवारी मटण, म्हणून रविवारीच त्यांनी लवकर यावं, हा बहुतेक इमारतींचा रिवाज. त्यांची मुलं चौथी-पाचवीत असतात आणि त्यांचीही शाळा रविवारीच बंद असते. रविवारची भांडी घरातल्यांनीच वाटून घेतली, तर पगार न कापता मावशींना ‘उद्या येऊ नका’ असं शनिवारी सांगता येतं.